‘फॉरमॅट करायची का?’ या प्रश्नाआधी

रविवारची दुपार. टेबलावर खिशात मावेल एवढी काळी डबी, तिला जोडलेली वीतभर केबल आणि समोर पडद्यावर एक चौकट: ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. फॉरमॅट करायची आहे का?’ खाली दोन बटणं. त्या डबीत मुलीच्या बारशापासून दहावीच्या निकालापर्यंतचे फोटो आहेत, आजोबांच्या एकसष्टीचं शूटिंग आहे, घराच्या कागदपत्रांचे स्कॅन आहेत. काल रात्रीपर्यंत सगळं व्यवस्थित उघडत होतं. घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘‘विचारतंय ना, मग हो म्हण.’’ दुसरं कुणी केबल काढून पुन्हा लावतं, मग आणखी एकदा, मग जरा जोरात. तिसरं कुणी मोबाइलवर उपाय शोधू लागतं. पुढच्या अर्ध्या तासात या टेबलावर जे होईल, त्यावर बारशाचे फोटो पुन्हा दिसणार की नाही हे पुष्कळदा ठरतं.

प्रस्तुत पुस्तक त्या अर्ध्या तासासाठी लिहिलं आहे.

पडद्यावरची ती चौकट खोटं बोलत नाही, पण तिला फार थोडं माहीत असतं. विंडोजला डिस्कवरची मांडणी ओळखता आली नाही, एवढाच तिचा अर्थ. ती का ओळखता आली नाही, याची कारणं मात्र एकमेकांपासून कोसभर लांब असतात. अमेरिकेहून सुट्टीला आलेल्या मुलाने मॅकवर तयार केलेली डिस्क नाशिकच्या घरातल्या विंडोज संगणकाला लावली, तरी हीच चौकट येते. डिस्क ठणठणीत असते, फक्त तिची लिपी विंडोजला वाचता येत नाही. कॉपी चालू असताना केबल ओढली गेली आणि फाइलींची यादी अर्धवट लिहिली गेली, तरी हीच. तबकडीच्या सुरुवातीचे मोजके सेक्टर, म्हणजे डेटा ठेवायचे छोटे कप्पे, खराब झाले, तरी हीच. जुनी डबी फुटली म्हणून आतली डिस्क काढून दुसऱ्या डबीत बसवली, तरीही कधी कधी हीच. पहिल्या प्रसंगात दुरुस्त करण्यासारखं काही नसतंच. दुसऱ्यात सॉफ्टवेअरने काम भागतं. तिसऱ्यात डिस्क चालू राहील ते प्रत्येक मिनिट मोलाचं असतं आणि चौथ्यात ती फुटकी डबीच किल्ली असते. चारही प्रसंगांत ‘हो’ हे उत्तर चुकीचं आहे.

एक्सटर्नल हार्ड डिस्क ही एक वस्तू दिसत असली तरी ती एकात एक बसवलेल्या डब्यांसारखी आहे. सगळ्यांत बाहेर केबल आणि पोर्ट. त्यानंतर वीज. मग यूएसबीची भाषा डिस्कच्या भाषेत फिरवणारी एक छोटी चिप. तिला या धंद्यात ब्रिज म्हणतात. त्याच्या आत डिस्कवरची मांडणी, म्हणजे पार्टिशन, फाइल सिस्टीम, फोल्डरांची यादी. आणि सर्वांत आत फिरणाऱ्या तबकड्या व त्यांच्यावर तरंगणारी हेड. बिघाड यांपैकी कुठेही असू शकतो, आणि बाहेरून दिसणारी लक्षणं मात्र थोडीच आहेत: डिस्क दिसत नाही, दिसते पण उघडत नाही, उघडते पण संगणक हँग होतो, चालता चालता गायब होते. नवखा माणूस घाबरून एकदम आतल्या डब्यात हात घालतो. जाणता माणूस बाहेरून आत जातो, कारण बाहेरचे डबे तपासताना आतल्याला धक्का लागत नाही.

वीज हा यांतला सर्वांत दुर्लक्षित डबा. यूएसबी २.० च्या पोर्टने ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर द्यावेत असं मानक सांगतं, ३.० च्या पोर्टने ९००. अडीच इंची डिस्कची मोटर सुरू होताना काही क्षण १ अँपिअरच्या आसपास करंट ओढू शकते. चांगला पोर्ट हे निभावून नेतो. पण डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूचा पोर्ट आतल्या लांब वायरने मदरबोर्डला जोडलेला असतो, स्वतःचा ॲडॉप्टर नसलेला हब एकाच पोर्टचा करंट चार उपकरणांत वाटतो, आणि स्वस्तातल्या बारीक केबलमध्ये व्होल्टेज पडतं. मग डिस्क फिरू लागते, थकते, थांबते, पुन्हा फिरते. संगणकाच्या मागच्या पोर्टला आखूड केबलने थेट जोडली की तीच डिस्क सुतासारखी सरळ चालते.

साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा ॲडॉप्टर लागतो, आणि घरच्या ड्रॉवरमध्ये राउटरचे, सेट-टॉप बॉक्सचे, जुन्या लॅपटॉपचे गोल पिनचे ॲडॉप्टर एकत्र पडलेले असतात. पिन बसली म्हणून लॅपटॉपचा १९ व्होल्टचा ॲडॉप्टर लावला, तर डिस्कच्या बोर्डावरचा टीव्हीएस नावाचा डायोड स्वतः शॉर्ट होऊन बाकीचा बोर्ड वाचवण्याचा प्रयत्न करतो. डिस्क निपचित पडते, दिवाही लागत नाही. तबकडीवरचा डेटा मात्र जागच्या जागी असतो.

आता सर्वांत आतला डबा. बिघडलेली डिस्क शांत खोलीत टेबलावर ठेवून कान जवळ नेला तर आधी मोटरचा चढत जाणारा बारीक आवाज येतो, मग ‘टक्’. क्षणभर शांतता. पुन्हा ‘टक्’. असं काही वेळा होतं आणि मोटर थांबते. हेड आपल्या विश्रांतीच्या जागेवरून तबकडीवर येतं, कारखान्यातच तबकडीवर लिहून ठेवलेल्या दिशादर्शक खुणा शोधतं, त्या सापडत नाहीत, म्हणून त्याचा हात झटक्याने मागे जातो आणि पुन्हा प्रयत्न करतो. हा त्या हाताचा आवाज आहे. अशा डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० फेऱ्या घेते, म्हणजे सेकंदाला ९०. अडीच इंची तबकडीची कड ताशी सुमारे ६६ किलोमीटर वेगाने हेडखालून सरकत असते आणि दोघांमधलं अंतर काही नॅनोमीटर असतं. माणसाचा केस त्याच्या हजारो पट जाड. हेड वाकलं किंवा तुटलं असेल तर दर वेळी डिस्क चालू करणं म्हणजे त्या तबकडीवर आणखी एक ओरखडा काढणं.

पण हाच ‘टक्’ वीज कमी पडल्यामुळेही येतो! म्हणून या पुस्तकाने एक मर्यादा घालून दिली आहे. केबल बदलून, मागच्या पोर्टवर, एकदाच तपासावं. आवाज तसाच राहिला तर डिस्क बंद करून बाजूला ठेवावी आणि पुन्हा लावून पाहण्याचा मोह टाळावा. बाहेरचे डबे आणि आतला डबा यांचा संबंध असा गुंतलेला असल्यामुळेच क्रमाला महत्त्व आहे.

या यंत्राचा प्रवास पाहिला की बिघाड कसा एका डब्यातून दुसऱ्या डब्यात सरकत गेला हेही दिसतं. १९५६ साली आयबीएमने सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत तयार केलेली पहिली डिस्क, ३५० रामॅक, दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्यांची होती. वजन टनभर आणि साठवण सुमारे ५० लाख अक्षरांची. आज मोबाइलमधला एक चांगला फोटो तिच्यात जेमतेम मावेल. १९७३ साली आयबीएमच्याच ‘विंचेस्टर’ डिस्कने हेड आणि तबकड्या एकाच बंद घरात कोंडल्या. बाहेरची धूळ आत येऊ द्यायची नाही हे तत्त्व तेव्हापासूनचं, आणि डिस्क घरी उघडू नये या नियमाचं मूळही तिथेच. १९८० साली सीगेटने ५ मेगाबाइटची एसटी-५०६ आणली आणि हार्ड डिस्क टेबलावरच्या छोट्या संगणकात शिरली.

संगणकाबाहेर ठेवायच्या सुरुवातीच्या बऱ्याच डिस्का स्कझी जोडणीवर चालल्या. १९८६च्या मॅकिंटॉश प्लसपासून ही जोडणी मॅकवाल्यांच्या ओळखीची झाली. एका साखळीत अनेक उपकरणं, प्रत्येकाला वेगळा क्रमांक, साखळीच्या टोकाला ती बंद करणारा टर्मिनेटर. दोन उपकरणांना एकच क्रमांक पडला किंवा टर्मिनेटर राहून गेला की डिस्क गायब. त्या काळातल्या तक्रारी प्रामुख्याने सर्वांत बाहेरच्या डब्यातल्या होत्या. १९९६ साली यूएसबी आली, पण तिचा सुरुवातीचा वेग सेकंदाला १२ मेगाबिट, डिस्कसाठी अगदी अपुरा. २००० सालच्या यूएसबी २.० ने तो ४८० वर नेला आणि २००८ च्या यूएसबी ३.० ने ५ गिगाबिटवर. डेटा आणि वीज एकाच केबलमधून जाऊ लागली, अडीच इंची डिस्कचा वेगळा ॲडॉप्टर गेला आणि टर्मिनेटरची कटकट संपली. तिच्या जागी करंट कमी पडण्याची कटकट आली.

महाराष्ट्रात ही डिस्क घरोघरी पोचली ती साधारण याच काळात, लग्नाचं शूटिंग, डीटीपीचं काम आणि डिजिटल कॅमेरा यांच्यासोबत. या शतकाच्या पहिल्या दशकातल्या लोडशेडिंगने कॉपी चालू असताना वीज जाणं म्हणजे काय ते गावोगावच्या डीटीपीवाल्यांना शिकवलं. सायबर कॅफे आणि झेरॉक्सच्या दुकानांतून पेनड्राइव्हमार्फत ‘शॉर्टकट व्हायरस’ आला. सगळी फोल्डरं नाहीशी होऊन त्यांच्या जागी शॉर्टकट दिसू लागले. प्रत्यक्षात फोल्डरं तिथेच असत, फक्त लपवलेली. कमांडच्या काळ्या खिडकीत ‘ॲट्रिब’ची एक ओळ टाकली की ती परत दिसत. तरीही तेव्हा अनेकांनी घाबरून फॉरमॅट मारलं आणि जे गेलेलंच नव्हतं ते स्वतःच्या हाताने घालवलं.

बिघडलेल्या डिस्कशी कसं वागावं, याविषयी गेल्या चार दशकांत विचारांची काही घराणी तयार झाली. प्रत्येक घराण्याने काहीतरी खरं सांगितलं आहे.

पहिलं घराणं दुरुस्तीचं. १९८२ साली पीटर नॉर्टन यांनी नॉर्टन युटिलिटीज आणली, तेव्हा पुसलेली फाइल परत आणणं ही जादूच वाटली. जादूमागचं कारण साधं होतं. डॉसमध्ये फाइल पुसली की तिच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर बदललं जाई आणि तिची जागा ‘मोकळी’ म्हणून नोंदली जाई. मजकूर तसाच राही. म्हणून फाइल परत आणताना ते हरवलेलं पहिलं अक्षर माणसाला विचारलं जाई. त्याच दशकाच्या अखेरीस स्टीव्ह गिब्सन यांचं स्पिनराइट आलं, जे खराब सेक्टर पुन्हा पुन्हा वाचून त्यातला डेटा मिळवू पाहतं. विंडोजचं चेकडिस्क आणि लिनक्सचं एफएससीके हे याच घराण्याचे. डिस्कची तब्येत चांगली आणि फक्त मांडणी विस्कटलेली असेल तेव्हा ही साधनं मोलाची. पण ती डिस्कवर लिहितात. विस्कटलेली यादी नीट करताना चेकडिस्क ज्या नोंदी जुळत नाहीत त्या कापून टाकतं. तबकडीच मरणपंथाला लागली असेल तर हे करणं म्हणजे आजारी माणसाला डोंगर चढायला लावणं.

दुसऱ्या घराण्याचं सूत्र: आधी नक्कल, मग दुरुस्ती, आणि दुरुस्तीही नकलेवर. या विचाराचं सर्वांत सुंदर रूप म्हणजे अँतोनियो दियाज दियाज यांचं ग्नू डीडीरेस्क्यू, २००४ पासूनचं मुक्त सॉफ्टवेअर. ते अडलेल्या सेक्टरपाशी हटून बसत नाही. पहिल्या फेरीत सहज वाचता येणारा भाग भरभर उचलतं, अडखळलेल्या जागा नकाशात नोंदवतं, आणि चांगलं सगळं हाती आल्यावरच त्या जागांकडे परत वळतं. मध्येच डिस्क थांबली तरी नकाशा शिल्लक असतो, काम तिथूनच पुढे चालू होतं. नक्कल मिळाली की क्रिस्टोफ ग्रेनिये यांचं टेस्टडिस्क हरवलेलं पार्टिशन शोधतं. त्याचा जोडीदार फोटोरेक तर फाइलींची यादी पाहतच नाही. जेपेग फोटोची सुरुवात ठरावीक खुणेने होते, ती खूण साऱ्या डिस्कभर हुडकत ते फोटो वेचून काढतं. नावं आणि फोल्डरं जातात, पण फोटो हाती लागतात.

तिसरं घराणं प्रयोगशाळांचं. १९८५ साली अमेरिकेत मिनेसोटात सुरू झालेली ऑनट्रॅक, १९९३ साली भारतात सुरू झालेली स्टेलर अशा संस्थांनी हा व्यवसाय उभा केला. धूळमुक्त खोलीत डिस्क उघडायची, हेड बदलायची, तबकड्या दुसऱ्या घरात बसवायच्या. इथे काय साधू शकतं याचं जगाला ठाऊक असलेलं उदाहरण कोलंबिया अंतराळयानाचं आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर ते यान कोसळलं आणि कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीरांचा मृत्यू झाला. यानातल्या झेनॉन वायूवरच्या एका प्रयोगाचा डेटा ज्या डिस्कवर होता, ती टेक्ससमध्ये जळलेल्या, वितळलेल्या अवस्थेत सापडली. ऑनट्रॅकच्या अभियंत्यांनी तबकड्या स्वच्छ करून दुसऱ्या डिस्कच्या यंत्रणेत बसवल्या आणि ९९ टक्के डेटा वाचवला. २००८ साली त्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तबकड्यांचा डेटा असलेला भाग शाबूत होता, आणि जुन्या डॉस प्रणालीमुळे डेटा सर्वत्र न विखुरता एकत्र राहिला होता, म्हणून हे शक्य झालं.

चौथं घराणं आकडे मोजणाऱ्यांचं. डिस्कने आपल्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवावी, हा विचार १९९०च्या दशकात ‘स्मार्ट’ या मानकात उतरला. किती सेक्टर बदलले, किती वाचायचे राहिलेत, किती तास चालली, सगळं त्यात लिहिलेलं असतं. पण या नोंदींवर किती विसंबावं? २००७ साली गूगलच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता, तशी चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. त्याच अभ्यासात असंही दिसलं, की बंद पडलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी स्मार्टच्या चार प्रमुख नोंदींत काहीच इशारा दिला नव्हता. म्हणजे वाईट अहवाल आला तर तो खरा मानून त्याच दिवशी डेटा काढून घ्यावा. चांगला अहवाल आला म्हणून निर्धास्त राहू नये. त्याच वर्षी कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी दाखवलं, की कंपन्यांच्या माहितीपत्रकांतले दहा-पंधरा लाख तासांचे आकडे वर्षाला फार तर ०.८८ टक्के डिस्का बंद पडतील असं सुचवतात, प्रत्यक्षात मात्र वर्षाला २ ते ४ टक्के डिस्का बदलाव्या लागणं नेहमीचं होतं. २०१३ पासून बॅकब्लेझ ही कंपनी आपल्या हजारो डिस्कांची आकडेवारी मॉडेलनिहाय सर्वांसाठी खुली करते आहे.

पाचव्या घराण्याला बिघाडात रसच नाही. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रो यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम त्याचा पाया: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. हे घराणं बरोबर आहे. पण डिस्क आधीच टकटकू लागलेल्या माणसाला या नियमाचा त्या क्षणी उपयोग नसतो, आणि त्याला बोल लावूनही काही साधत नाही.

हे पुस्तक दुसऱ्या घराण्यात वाढलं आहे. पहिल्याची साधनं ते वापरतं, पण नकलेवर. तिसऱ्याच्या दारात कधी जायचं हे ते स्पष्ट सांगतं. चौथ्याकडून सावधपणा घेतं आणि पाचव्याकडे वाचकाला शेवटी नेऊन पोचवतं.

असं पुस्तक आज का हवं, याचं सर्वांत मोठं कारण एका शब्दाच्या वापरात सापडतं. मराठी घरांत ‘फोटोंचा बॅकअप घेतला’ असं म्हणतात, तेव्हा पुष्कळदा झालेलं असतं ते असं: मोबाइल भरला, फोटो एक्सटर्नल डिस्कवर टाकले आणि मोबाइलमधून पुसले. हा बॅकअप नाही, हे स्थलांतर आहे. पूर्वी निगेटिव्ह असे, छापलेला फोटो असे, मामाकडे त्याची एक प्रत असे. आता एका डबीत पंधरा वर्षं आहेत आणि दुसरीकडे कुठेच नाहीत. छोट्या प्रकाशकांचं आणि दिवाळी अंक काढणाऱ्यांचंही तेच. जुन्या अंकांच्या पानांच्या मूळ फाइली, त्यांना लागणारे युनिकोडपूर्व फॉन्ट, मुखपृष्ठांची चित्रं, सगळं एकाच डिस्कवर, कपाटाच्या वरच्या फळीवर.

दुसरं कारण असं, की यंत्र बदललं तरी जुने सल्ले चालूच आहेत. ‘फॉरमॅट झालं तरी डेटा परत येतो’ हे वाक्य अजून दुकानादुकानांत ऐकू येतं. विंडोज एक्सपीपर्यंत पूर्ण फॉरमॅट डिस्क फक्त तपासत असे. व्हिस्टापासून ते साऱ्या डिस्कवर शून्यं लिहितं, त्यानंतर परत आणायला काहीच उरत नाही. ‘डबी खराब झाली तर आतली डिस्क काढून दुसऱ्या डबीत घाला’ हाही एकेकाळी उत्तम सल्ला होता. आता काही डब्यांतली ब्रिज चिप पासवर्ड ठेवलेला नसतानाही सगळा डेटा एन्क्रिप्ट करून लिहिते. ती चिप बदलली की उरते निव्वळ खिचडी. काही ब्रिज सेक्टरचा आकार वेगळा करून संगणकाला दाखवतात, तेव्हाही दुसऱ्या डबीत पार्टिशन ओळखू येत नाही. अडीच इंची काही डिस्कांत तर यूएसबीचा सॉकेट थेट डिस्कच्या बोर्डावरच बसवलेला असतो, वेगळी करण्यासारखी डबीच नाही.

मोठ्या क्षमतेच्या बऱ्याच डिस्का आज एसएमआर पद्धतीने लिहितात. कौलं एकमेकांवर चढवावीत तसे त्यांवरचे ट्रॅक एकमेकांवर थोडे चढलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर पुढची ओळ पुन्हा रचावी लागते. म्हणून खूप मोठी कॉपी चालू असताना सुरुवातीला वेग छान असतो आणि मग तो एकदम कोसळतो. वापरणाऱ्याला वाटतं डिस्क गेली, आणि तो केबल उपटतो. तिथे बिघाड नव्हता. केबल उपटल्यावर मात्र होतो, कारण कॅमेरा, मॅक आणि विंडोज तिन्हींना चालणारी एक्सफॅट ही फाइल सिस्टीम बदलांची आगाऊ नोंद ठेवत नाही. लिहिता लिहिता तुटलं तर सावरण्याचं साधन तिच्याकडे नसतं.

आणि आता फिरत्या तबकडीची जागा एसएसडी घेत आहे. ती पडली तर बहुधा वाचते, आवाज करत नाही, वेगवान आहे. पण ती आजारी पडते तेव्हाही आवाज करत नाही. काल चालत होती, आज संगणकाला दिसतच नाही, असं तिचं जाणं असतं. ट्रिम नावाच्या सोयीमुळे तिच्यावरची पुसलेली फाइल थोड्याच वेळात खरोखर पुसली जाते. नॉर्टन यांच्या काळातली ती जादू तिथे चालत नाही. हार्ड डिस्कवर शिकलेले अर्धे धडे इथे लागू पडतात, अर्धे नाहीत, आणि कुठले कुठे हे सांगणं या पुस्तकाने आपलं काम मानलं आहे.

पुस्तकाची रचना लक्षणापासून सुरू होते, कारण घरच्या माणसाला कारण माहीत नसतं, लक्षण दिसतं. १ टेराबाइटची डिस्क संगणकात ९३१ गिगाबाइट का दाखवते, यासारख्या निव्वळ गैरसमजांपासून ते डिस्क मॅनेजमेंटच्या खिडकीत ‘रॉ’, ‘अनअलोकेटेड’ किंवा ‘नॉट इनिशियलाइज्ड’ दिसणं म्हणजे नेमकं काय, इथपर्यंतची वाट त्यात आहे. प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न आधी विचारला आहे: पुढची कृती डिस्कवर काही लिहिणार आहे का? लिहिणार असेल तर नक्कल निघेपर्यंत ती थांबवलेली आहे. हा नियम पाळायला थोडा धीर आणि मूळ डिस्कपेक्षा मोठी एक रिकामी डिस्क लागते, तिचा खर्चही होतो. पुस्तकाने तो खर्च लपवलेला नाही.

काही गोष्टी यात मुद्दाम नाहीत. डिस्कचं झाकण उघडण्याच्या कृती नाहीत. फ्रीजरमध्ये डिस्क ठेवण्याचा तोडगा खोडून काढण्यापुरताच आहे. बाहेर काढल्यावर दमट हवेत तबकडीवर पाणी धरतं, आणि कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात तर नक्कीच. डेटा परत मिळेलच असं आश्वासनही नाही. प्रयोगशाळेकडे जाणाऱ्याने कोणते प्रश्न विचारावेत, तपासणीचे पैसे वेगळे आहेत का, डेटा न मिळाल्यास काय, मिळालेल्या फाइलींची यादी पैसे देण्याआधी पाहता येईल का, हे मात्र सविस्तर आलं आहे. ज्याच्या घरात कुणी जाणकार नाही त्याला याची सर्वांत जास्त गरज असते.

भाषेच्या बाबतीत पुस्तकाने लोकांच्या तोंडचे शब्द घेतले आहेत. डिस्क ‘डिटेक्ट होत नाही’, फाइल ‘करप्ट’ झाली, संगणक ‘हँग’ होतो, असंच माणूस दुकानात सांगतो आणि दुकानदारालाही तेच कळतं. त्यांच्या जागी अवघड प्रतिशब्द घालून घाबरलेल्या वाचकापुढे आणखी एक कोडं ठेवलेलं नाही. पडद्यावरचे इंग्रजी संदेश मात्र देवनागरीत उच्चारासह आणि अर्थासह दिले आहेत. दुसऱ्या गावाहून फोनवर मुलाला किंवा भाचीला ते वाचून दाखवावे लागतात, आणि एक शब्द चुकला तर उपाय चुकतो.

पुस्तकाच्या पहिल्या पानावर मजकूर नाही, भरायच्या जागा आहेत. डिस्क कधी घेतली, मॉडेल आणि सिरियल नंबर काय, फाइल सिस्टीम कोणती, तिच्यात काय काय आहे आणि त्यातलं दुसरीकडे कुठे आहे. शेवटची रिकामी ओळ बहुतेकांना अस्वस्थ करेल. त्याखाली थोडी जागा सोडली आहे: ‘शेवटचं व्यवस्थित कधी चाललं, आणि काय करताना थांबलं?’ रविवारच्या दुपारी त्या टेबलाशी ‘कॅन्सल’ दाबून, केबल काढून, डिस्क एका मऊ फडक्यावर ठेवल्यावर घरातल्यांनी मिळून आधी हीच जागा भरायची आहे. पहिलं प्रकरण त्या उत्तरापासून सुरू होतं.